विहिरीच्या पोटात काय आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला गोडधोडाबरोबर थोडे बौद्धिकही असावे, अशी आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपवले. "तुम्ही इतकी वर्षे पाण्याच्या प्रयोगशाळेत काढलीत, तेव्हा पाण्यावरच बोला," असे त्यांनी सांगितले. पाण्यावर बोलायचे तर काटकसरीचा उपदेश करणे सर्वांत सोपे; पण तो उपदेश अंधेरीच्या बायकांना करण्याचे धाडस मला होत नाही. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईला काटकसर काय शिकवायची? म्हणून आज मी कार्यकारिणीपुढे जो ठराव पडून आहे, त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

ठराव आपणां सर्वांना ठाऊक आहे. मंडळाच्या मागच्या अंगणातली जुनी विहीर उपसून, पंप बसवून, तिचे पाणी बालवाडीला आणि मसाला-पापड विभागाला घ्यावे, असा तो ठराव. त्यामागची तळमळ मला समजते. २०२५ च्या एप्रिल महिन्यात मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा चार-पाच दिवस उपनगरांतल्या कितीतरी इमारतींच्या तोंडचे पाणी पळाले. घरची विहीर असती तर ही पाळी आली नसती, असे पुष्कळ जणींच्या मनात आले असेल. विहीर वापरू नये असे मी म्हणणार नाही. ती वापरण्यापूर्वी तिच्या पोटात काय आहे हे विचारले पाहिजे, आणि नेमके काय विचारायचे हे आपल्याला ठाऊक पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाणी तपासणे म्हटले की आपल्याला जंतू आठवतात. पटकी, विषमज्वर, कावीळ यांनी घरेच्या घरे रिकामी केलेली आपल्या आज्यांनी पाहिली होती. त्यामुळे गाळणे, उकळणे, तुरटी फिरवणे हे आपल्या हाताला बसले आहे. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तिच्यापुढे मात्र हे तिन्ही उपाय लंगडे पडतात. ती वस्तू म्हणजे कारखान्यांत वापरली जाणारी द्रावके.

द्रावक म्हणजे दुसरा पदार्थ स्वतःत विरघळवून घेणारा द्रव. रंगाऱ्याचा थिनर, नखांचा रंग पुसायचे औषध, टर्पेंटाइन ही सारी द्रावकेच. लोकरी शाल आपण ड्रायक्लीनिंगला देतो, तेव्हा ती पाण्याने न धुता बहुधा पर्क्लोरोएथिलीन नावाच्या द्रावकात धुतात. यंत्राच्या सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला वर्षानुवर्षे ट्रायक्लोरोएथिलीन वापरले गेले. औषधे, रंग, कीटकनाशके, छपाईची शाई, कशातही द्रावकावाचून चालत नाही. तेलाचा ओशट हात पाण्याने निघत नाही, तो द्रावकाने निघतो. म्हणून ती हवीत. मी त्यांना शिव्या देणार नाही. वापरून मळलेले द्रावक पुढे कुठे गेले, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या उपनगरांत तो विचारायला जागा आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे आपल्या मरोळलाही त्याची वसाहत झाली. पलीकडे घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. त्यांच्या भोंग्यांवर आपण घड्याळे लावली, त्यांच्या पगारांवर आपल्यापैकी अनेकींचे संसार झाले. आता त्यांतले पुष्कळ बंद पडले आणि त्या जागी उंच इमारती आणि मॉल आले. पण जमीन तीच राहिली. मोठे कारखाने गेले तरी छोटे गाळे आहेतच. साकीनाका-कुर्ल्याच्या गल्ल्यांतून फिरलात, तर मुलामा देणारे, रंग मारणारे, भंगाराची पिंपे घेऊन धुऊन विकणारे, असे शेकडो हातांचे उद्योग दिसतील.

या पिंपांचे धुवण जाते कुठे? आपल्या मिठी नदीत. नावाची मिठी! विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावीवरून सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमला समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरापर्यंत ही नदी आहे, हेच आपण विसरलो होतो. तिला नाला म्हणत होतो. पुरानंतर तिची पाहणी झाली, अहवाल लिहिले गेले, त्यांत सांडपाणी आणि गाळ यांच्या जोडीला तेलकट पिंपे धुणे आणि कारखान्यांचे घातक पाणी सोडणे याही गोष्टी नोंदल्या गेल्या. नदीवर तरंगणारे तेल डोळ्यांना दिसते. जमिनीत मुरलेले द्रावक कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

आता ते जमिनीत कसे वागते, ते पाहू. पाण्यात तेल टाकले तर ते वर तरंगते. पाण्यात न ढवळता मध सोडला तर तो तळाशी जाऊन बसतो. द्रावकांतही असे दोन गट आहेत. पेट्रोल, बेंझिन, टोल्यूइन ही मंडळी तरंगणारी. ती भूजलाच्या पृष्ठावर सायीसारखी पसरतात. क्लोरिनयुक्त द्रावके, म्हणजे ते ट्रायक्लोरोएथिलीन आणि ड्रायक्लीनिंगचे द्रावक, ही बुडणारी. ती पाण्याच्याही खाली उतरतात आणि जिथे घट्ट थर लागेल तिथे थबकून राहतात. तेथून कणाकणाने, वर्षानुवर्षे पाण्यात विरघळत राहतात.

आपल्या पायाखाली तर काळा पाषाण आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल आपण पाहिलाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो सुळका. तोच पाषाण मुरुमाखाली सगळीकडे पसरला आहे. तो अखंड नाही, त्याला फटी आहेत, आणि आपल्या विहिरींना पाणी लागते ते त्या फटींतूनच. वाळूतून पाणी सरळ झिरपते, तेव्हा घाण कुठवर गेली असेल याचा काही अंदाज बांधता येतो. फटींतून ते कोणत्या वाटेने जाईल आणि कोणत्या विहिरीत उगवेल, हे सांगणे जाणत्यालाही अवघड जाते. शेजारची विहीर चांगली निघाली म्हणून आपली चांगली, असे येथे चालत नाही.

किती थोडक्यात काम बिघडते, त्याचा हिशेब मी आपल्यासाठी मांडून आणला आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या द्रावकाचे एक लिटर वजनाने जवळजवळ दीड किलो भरते. ते सगळे पाण्यात मिसळले, तर सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचते. १० हजार लिटरचा टँकर धरला तर हे २९ हजार टँकर झाले! एक लिटर म्हणजे दुधाच्या दोन पिशव्या. गाळ्यातला पोरगा संध्याकाळी हात धुता धुता गटारात ओततो, त्याहून ते जास्त नसते.

हे पाणी एक घोट प्यायल्याने कुणाला काही होत नाही. म्हणूनच ते फसवे. वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्था यांना अपाय होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली ट्रायक्लोरोएथिलीनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. बेंझिन तर त्याआधीपासूनच त्या गटात आहे.

"पण पाणी कसे नितळ आहे!" असे कुणी म्हणेल. खरे आहे. या प्रमाणात द्रावकाला रंग नसतो, चव नसते, आणि वास तर मर्यादेच्या कितीतरी पट वाढल्याखेरीज येत नाही. "विहिरीत गप्पी मासे जिवंत आहेत," हाही पुरावा चालत नाही. मासा काही आपल्यासारखा साठ-सत्तर वर्षे जगत नाही. तुरटीने गाळ बसतो, द्रावक बसत नाही. क्लोरिनने जंतू मरतात, द्रावक मरत नाही. आणि उकळले तर? ते वाफेबरोबर भांड्यातून निघते खरे, पण जाते कुठे? बंद स्वयंपाकघरातल्या हवेत, आणि तेथून भाजी चिरणारीच्या छातीत. आगीतून निघून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच. कोळशाच्या चांगल्या गाळणीत ते अडकते. पण कोळसा भरला की गाळणी अडवणे थांबवते, आणि तो कधी भरला हे गाळणी आपल्याला सांगत नाही.

भगिनींनो, ही कल्पनेची भीती नव्हे. आपल्याच देशात, भोपाळमध्ये, हे घडले आहे. भोपाळ म्हटले की आपल्याला २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. त्या रात्रीच्या वायूची गोष्ट जगाला ठाऊक झाली. पण त्याच कारखान्याची दुसरी गोष्ट जमिनीखाली चालू होती. १९६९ पासून तेथे कीटकनाशकांचे काम चाले. टाकाऊ रसायने आवारात पुरली जात, आणि बाहेर प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यांत सोडली जात. कारखाना बंद पडला, रसायने राहिली. दर पावसाळ्यात ती थोडी थोडी खाली उतरत होती, आणि भिंतीपलीकडच्या वस्तीतल्या बायका हातपंपावर हंडे लावत होत्या.

यात आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेचा संबंध आला. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे नीरी. १९५८ साली स्थापन झालेली. तिच्या १९९० च्या दशकातल्या अहवालात कारखान्याभोवतीच्या भूजलाला दोष दिलेला नव्हता. १९९९ साली ग्रीनपीस या संघटनेने नमुने घेतले, तेव्हा पाण्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड यांसारखी क्लोरिनयुक्त द्रावके सापडली. पुढे हातपंपांना लाल रंग फासून 'पाणी पिण्यास योग्य नाही' अशी सूचना लिहिली गेली. पण दुसरे पाणी कुठे होते? लाल पंपाचेच पाणी लोक पीत राहिले. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला, तरी ते घरोघर पोहोचायला पुढे वर्षे लागली. त्यासाठी २००६ साली भोपाळच्या बायका दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या. या लढ्यातल्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांची ओळख वायुपीडित स्त्रियांसाठी काढलेल्या कागदकामाच्या उद्योगात झाली होती. त्यांना २००४ साली गोल्डमन हा पर्यावरणाचा जागतिक सन्मान मिळाला. आपल्या पापड विभागासारखाच एक उद्योग होता तो, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आणि स्वच्छतेचे काय झाले? आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत बारा वाहनांतून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. त्याला वायुकांडानंतर ४० वर्षे लागली. नीरीने २०१० साली केलेल्या अंदाजाप्रमाणे साफ करण्याजोगी माती मात्र ११ लाख टन होती. ३३७ कुठे आणि ११ लाख कुठे! पसा वेचला, खळे तसेच राहिले.

मग एकदा बिघडलेली जमीन साफ होतच नाही का? होते, पण 'पी हळद आणि हो गोरी' अशी नव्हे. ज्या देशांनी यावर अपार पैसा ओतला, त्यांचा अनुभव पाहू. आपल्यापैकी काहींची मुले-सुना कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे, सनीव्हेल, माउंटन व्ह्यू या गावांत नांदतात. संगणकाचे सुटे भाग तेथे बनू लागले तेव्हा सर्वांना वाटले, हा धूर नसलेला, सोवळा उद्योग आहे. पण ते भाग द्रावकांनी धुवावे लागत, आणि द्रावके जमिनीखालच्या टाक्यांत साठवत. १९८१ च्या अखेरीस सॅन होझेत फेअरचाइल्ड कंपनीची अशी एक टाकी गळत असल्याचे उघडकीस आले. जवळच्या पिण्याच्या विहिरीत ते द्रावक पोहोचले होते. लोरेन रॉस नावाच्या एका तरुण आईने वर्तमानपत्रात ते वाचले. तिची मुलगी हृदयात दोष घेऊन जन्मली होती. तिने शेजारणींची दारे ठोठावली आणि कुणाचा गर्भ पडला, कुणाचे मूल सदोष जन्मले, याची नोंद केली. सरकारी आरोग्य खात्याने १९८५ मध्ये मान्य केले की त्या वस्तीत असे प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. मात्र ते पाण्यामुळेच झाले असे सिद्ध करता आले नाही. हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. इजा दिसते, कारण सिद्ध होत नाही, आणि मधल्या मध्ये आई उरते.

तेथे स्वच्छतेसाठी जे जे केले, त्यांतले मुख्य प्रकार थोडक्यात सांगते. पहिला, माती खणून उचलून नेणे. जागा लहान आणि घाण उथळ असेल तर हे उत्तम. आपल्याकडे अशी माती तळोज्यासारख्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात न्यावी लागते. दुसरा, जमिनीत नळ्या घालून द्रावकाची वाफ ओढून घेणे आणि कोळशात अडवणे. तिसरा, विहिरी खणून पाणी उपसणे, धुणे आणि परत सोडणे. हा सर्वांत जास्त वापरला गेला; पण १९९४ साली अमेरिकेच्या संशोधन परिषदेने अशा ७७ जागा तपासल्या, तेव्हा ६९ जागी उद्दिष्ट गाठले गेलेले नव्हते. तेलकट बरणी कितीही विसळा, पुन्हा पाणी भरले की तवंग येतोच, तसेच हे. फटींत दडलेले द्रावक पुन्हा पाझरते.

म्हणून मग निराळ्या युक्त्या निघाल्या. एक आपल्या ओळखीची आहे. पूर्वी पटकीची साथ आली की विहिरीत जांभळे औषध टाकत, ते पोटॅशियम परमँगनेट. तेच जमिनीत दाबाने सोडले तर ट्रायक्लोरोएथिलीनचे तुकडे पाडते. (हे ऐकून कुणी आपल्या विहिरीत पुडी टाकू नये. ते मोजून-मापून, जाणत्याच्या हातानेच करण्याचे काम आहे.) दुसरी युक्ती लोखंडाच्या चुऱ्याची. पाण्याच्या वाटेत चर खणून त्यात लोखंडाचा चुरा भरायचा. पाणी त्यातून झिरपताना लोखंड गंजते आणि द्रावकातला क्लोरिन सुटतो. अशी पहिली व्यापारी भिंत १९९४-९५ च्या सुमारास सनीव्हेललाच घातली गेली. पंप नाही, वीज नाही. तिसरी युक्ती जंतूंची. गटाराच्या गाळात असे जंतू सापडले की जे या द्रावकांतला क्लोरिन श्वासासारखा वापरतात. १९९७ मध्ये त्यांची ओळख पटली. त्यांना खाऊ काय घालतात? उसाची मळी, वनस्पती तेल! साखर कारखान्याची मळी आपल्या महाराष्ट्राला काही नवी नाही. पण यातही सावधगिरी हवी. काम अर्धवट राहिले तर व्हिनिल क्लोराइड नावाचा मुळाहून वाईट पदार्थ मागे उरतो.

आणखी एक गोष्ट, जी नव्या इमारतींत राहणाऱ्या भगिनींनी विशेष ऐकावी. खालचे द्रावक वाफ होऊन जमिनीच्या भेगांतून वर घरात शिरते. २०१२-१३ च्या हिवाळ्यात माउंटन व्ह्यूला गूगल कंपनीच्या इमारतींत अशी वाफ मर्यादेपेक्षा जास्त आढळली. कारखाने तेथून जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. त्या गावी हवा मोजणारे होते, म्हणून ते कळले. आपल्याकडे जुन्या कारखान्याच्या जागेवर इमारत उठते, तेव्हा आपण चटईक्षेत्र विचारतो, गाडीची जागा विचारतो. जमिनीत काय होते, ते कोण विचारतो?

विचारण्यासाठी आता कायद्याचा आधार आहे. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून साफसफाईचा खर्च घ्यायचा, असे त्यांत आहे. त्या वेळी देशभरात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या होत्या, आणि काम सुरू झाले होते केवळ ७ ठिकाणी. नियम कागदावर आले. त्यांना पाय फुटतात ते नागरिकांच्या अर्जांनी.

आता आपल्या विहिरीकडे वळते. माझ्या सूचना अशा.

पहिली, विहिरीचा इतिहास लिहून काढावा. मंडळाच्या भोवती पन्नास-साठ वर्षांत कोणकोणते गाळे, गॅरेज, ड्रायक्लीनिंगची दुकाने, पिंपांची गोदामे होती, हे जुन्या सभासदांना विचारून एका वहीत मांडावे. रसायनशास्त्रापेक्षा या कामाला आठवण लागते, आणि ती या सभागृहात भरपूर आहे. आमच्या इमारतीच्या मागे एक गाळा होता; त्याचा मळका थिनर कित्येक वर्षे गटारात जात असे, आणि त्या गल्लीला येणारा गोडसर वास आम्हां सर्वांना ठाऊक होता. असल्या आठवणीच येथे उपयोगी पडतात. कोठे शोधायचे, हे त्या सांगतात.

दुसरी, पाणी दोनदा तपासावे. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करावी, आणि अर्जावर 'उडून जाणारी सेंद्रिय द्रावके' असे स्पष्ट लिहून मागावे. नेहमीच्या तपासणीत जडपणा, क्षार आणि जंतू पाहतात. द्रावक मागितल्यावाचून कुणी पाहत नाही. भोपाळचा धडा हाच आहे. नमुना पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून पाठवू नये. प्रयोगशाळेची काचेची छोटी कुपी घ्यावी, ती काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नये, आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोहोचवावी. नाहीतर द्रावक वाटेतच उडून जाईल आणि आपल्याला खोटा दिलासा मिळेल.

तिसरी, दोन्ही तपासण्या हाती येईपर्यंत विहिरीचे पाणी बालवाडीच्या माठात आणि पापडाच्या पिठात जाऊ नये. शौचालयाला आणि अंगण धुवायला ते खुशाल वापरावे.

चौथी सूचना घरोघरची आहे. पाणी साठवायला आपण निळे प्लास्टिकचे पिंप घेतो. ते नवे घ्यावे, किंवा पूर्वी त्यात खाण्याची वस्तू होती याची खात्री असेल तरच जुने घ्यावे. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी प्लास्टिकने आत शोषलेले पुन्हा पाण्यात उतरते. शिवाय शंभर-दोनशे रुपये वाचवून आपण जे पिंप घेतो, ते कुणीतरी कुठेतरी धुतलेले असते, आणि त्याचे धुवण मिठीत किंवा मातीत गेलेले असते. आपल्या मागणीचा धागा त्या धुवणापर्यंत जातो. उरलेला थिनरही मोरीत ओतू नये. डब्यात घट्ट बंद करून पुढच्या कामाला ठेवावा किंवा रंगाऱ्याला परत द्यावा.

पाचवी, शेजारच्या गाळेवाल्यांना मंडळाने एकदा चहाला बोलवावे. पिंप धुणारा आणि ग्रीस पुसणारा कामगार हा आपला शत्रू नव्हे; विषाचा पहिला घास त्याच्याच वाट्याला येतो, उघड्या हातांनी आणि उघड्या नाकाने. मळके द्रावक परवानगी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडे देता येते, हे त्यांना सांगावे. सांगूनही कुणी नाल्यात ओतत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारखेसह, छायाचित्रासह लेखी तक्रार करावी. एकटीच्या अर्जाला उत्तर येईल न येईल. दोनशे सह्यांच्या अर्जाला ते द्यावे लागते.

भगिनींनो, बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण या विषयाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. गटाराच्या तोंडाशी एक पिंप अडवायला एका माणसाची पाच मिनिटे लागतात; तेच जमिनीत गेल्यावर काढायला भोपाळला चाळीस वर्षे पुरली नाहीत. आपली विहीर कदाचित अगदी निर्दोष निघेल; तसे झाले तर तिच्या पाण्याचा पहिला पापड मी स्वतः लाटीन. दोष निघाला, तर तो आपण मुलांच्या पोटात जाण्याआधी शोधला, एवढे समाधान राहील. तपासणीचा खर्च यंदाच्या हळदीकुंकवाच्या वाणातून वाचवता येईल, असे मी कोषाध्यक्षीणबाईंना सुचवते. पुढच्या सभेत हा विषय ठरावरूपाने घ्यावा, अशी माझी विनंती आहे.